दोघांत मिळून एक फोन: एका जोडप्याचं प्रकरण

हे प्रकरण कुठल्या एका खऱ्या जोडप्याचं नाही. समुपदेशनात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी जुळवून ते तयार केलं आहे, आणि त्यातले तासांचे, आठवड्यांचे आकडे त्या जुळवणीचाच भाग आहेत. संशोधनाचे म्हणून दिलेले आकडे मात्र प्रकाशित अभ्यासांतले आहेत.

ती 31 वर्षांची, व्यवसायाने मुद्रितशोधक, लहानपणापासून बोलताना अडखळणारी. तो 34 वर्षांचा, लिफ्टच्या देखभालीचं काम करणारा, परक्या भाषेच्या शहरात येऊन जेमतेम आठ महिने झालेला. भेट झाली ती एका हौशी समूहगानाच्या गटात. दर मंगळवारी दोन तास तालीम, मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी, माणसं साधारण चाळीस.

गाण्याचा गट दोघांनीही विचार करून निवडला होता. तोतरेपणा असलेल्या बहुतेकांची जीभ गाताना अडखळत नाही. शब्द आधीच ठरलेले असतात, लय बाहेरून मिळते, स्वर लांबवलेले असतात. दहाजणांनी मिळून एकच मजकूर एकाच वेळी म्हणायचा असेल, तरीही तोच फरक पडतो. त्याचंही तसंच. जी भाषा त्याला धड बोलता येत नव्हती, ती पाठ करून तो बिनचूक गात होता. म्हणजे तालमीचे एक तास पंचेचाळीस मिनिटं दोघंही चारचौघांसारखी असायची. खरी परीक्षा असायची ती मधल्या पंधरा मिनिटांची.

पहिल्याच दिवशी नव्या सभासदांनी उभं राहून नाव सांगायचं होतं. अडखळणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव सांगणं अनेकदा सगळ्यात जड जातं, कारण त्याला पर्यायी शब्द नसतो. बाकी कुठलाही अवघड शब्द टाळून दुसरा वापरता येतो, नाव बदलता येत नाही. तिचं नाव आठ सेकंद अडलं. मागून कोणीतरी हसत विचारलं, "नाव विसरलात की काय?" ही थट्टा अनेक अडखळणाऱ्यांनी आयुष्यात कधी ना कधी ऐकलेली असते. त्यानंतर तो उभा राहिला, नाव सांगितलं आणि पुढच्या वाक्यात स्वतःबद्दल बोलताना स्त्रीलिंगी रूप वापरलं. पुन्हा हशा. सुट्टीत इतर लोक कप हातात घेऊन घोळके करून उभे राहिले, आणि ही दोघं गाण्याचे कागद गोळा करण्याच्या निमित्ताने मागच्या टेबलापाशी आली. निमित्त दोघांनी वेगवेगळं शोधलं होतं, टेबल एकच निघालं.

तो तिला सुरुवातीचे तीन महिने 'तुम्ही' म्हणत होता. तिला वाटलं, अंतर राखतोय. प्रत्यक्षात शिकवणीत त्याचा 'तू'चा धडाच अजून आला नव्हता.

काय जुळलं

'समदुःखी होते म्हणून जवळ आले' एवढं म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. ते खोटं नाही, पण उपचारासाठी निरुपयोगी आहे. नेमकं काय जुळलं हे कळल्याशिवाय काय तुटलं ते सापडत नाही. या प्रकरणात जुळली होती ती बोलण्याची चाल.

2009 साली दहा भाषांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, हे त्यात मोजलं होतं. भाषाभाषांत फरक होता, पण सगळ्या भाषांची मिळून सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. एक शब्द मनात जुळवून तोंडावाटे काढायलाच साधारण 600 मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ आपण समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपलं वाक्य तयार करत असतो. ही धावती गाडी पकडायची तर वाक्य वेळेवर तयार हवं आणि जिभेने वेळेवर साथ द्यायला हवी. त्याचं वाक्य वेळेवर तयार होत नव्हतं, तिची जीभ वेळेवर साथ देत नव्हती. घोळक्यात दोघांचीही पाळी येण्याआधीच निघून जायची, आणि बघणाऱ्याला दोघंही मंद किंवा शिष्ट वाटायची.

एकमेकांपाशी मात्र दोन-तीन सेकंदांची फट नेहमीचीच होती. तो शब्द शोधायला थांबायचा, त्या वेळात तिचा अडलेला शब्द सुटायचा. शब्द टाळून वळसा घालणं हीसुद्धा दोघांची जुनी सवय. तिला 'पावती' अडली की ती 'पैसे दिल्याचा कागद' म्हणायची. त्याला 'पावती' शब्दच माहीत नव्हता, म्हणून तोही तेच म्हणायचा.

फोन हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. फोनवर चेहरा दिसत नाही, शांतता पसरली की पलीकडचा फोन ठेवतो, म्हणून अडखळणारी बरीच माणसं फोन टाळतात. तिने नोकरीही फोन नसलेली निवडली होती. त्याला फोनवर अर्धं कळायचं नाही. एकत्र राहायला लागल्यावर त्यांनी पद्धत बसवली: फोन स्पीकरवर, ती कागदावर वाक्य लिहिणार, तो वाचणार, पलीकडून उत्तर आलं की ती ऐकून पुढचं लिहिणार. वीज कंपनी, घरमालक, दवाखाना, सगळं असंच. दोघांत मिळून एक धडधाकट फोन तयार झाला होता. त्या कागदांचा एक गठ्ठा तिने जपून ठेवला होता. समुपदेशनाच्या दुसऱ्या भेटीला ती तो घेऊनच आली.

काय बिघडलं

ओळखीनंतर सुमारे चौदाव्या महिन्यात कंपनीने त्याला दुरुस्तीच्या तक्रारी घेण्याच्या कामावर बसवलं. दिवसाला तीस-चाळीस फोन. चार महिन्यांत त्याची भाषा सुटली. तालमीनंतर गटातले पाच-सहाजण थोडा वेळ बसत, त्यांच्यात तो जाऊ लागला.

भांडणं सुरू झाली ती या काळात, आणि प्रत्येक भांडणाचं कारण वरवर वेगळं होतं. उशीर, पैसे, भांडी. एका संध्याकाळी त्याने घरमालकाला कागदाशिवाय फोन केला, दोन मिनिटांत काम उरकलं आणि खूश होऊन तिला सांगितलं. ती तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. का, हे त्याला कळलं नाही आणि तिलाही नीट सांगता आलं नाही.

दुसरी गोष्ट टोपणनावांची. सुरुवातीच्या महिन्यांत त्यांनी गटातल्या लोकांना खाजगी नावं ठेवली होती. सारखं वेळ बघणारे ते 'घड्याळ', ताठ बसणारी ती 'टाचणी', नाव विसरलात का विचारणारा 'हजेरीपट'. घरी परतताना ही नावं घेऊन हसणं हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम होता. आता 'हजेरीपट' त्याचा मित्र झाला होता आणि तो हसेनासा झाला. तिने हे लगेच टिपलं. "त्यांच्यातला झालास," हे वाक्य पहिल्या भेटीत तिने चार वेळा म्हटलं.

परकेपणाच्या पायावर उभ्या राहिलेल्या नात्यात एक न बोललेला करार असतो: आपण दोघंही बाहेरचेच राहू. करार कोणी लिहीत नाही, त्यामुळे मोडला तेव्हाच तो होता हे कळतं. 'जग विरोधात असलं की प्रेम घट्ट होतं' ही समजूत त्याला खतपाणी घालते. 1972 सालच्या एका अभ्यासात आईवडिलांच्या विरोधाने जोडप्यांतली ओढ वाढल्याचं दिसलं होतं. 2014 मध्ये तोच अभ्यास पुन्हा करून पाहिला तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. उलट आजूबाजूच्यांची साथ असलेल्या जोडप्यांचीच नाती जास्त बरी निघाली.

तपासणी

पहिल्या भेटीनंतर दोघांना स्वतंत्रपणे, प्रत्येकी 45 मिनिटं, भेटायला बोलावलं. ही पायरी गाळू नये. एका माणसाचा सगळा संपर्क दुसऱ्यातूनच जात असेल, तर ते परिस्थितीमुळे झालंय की कोणी करवलंय हे आधी पाहावं लागतं. फोन कोण हाताळतं, पैशाचं खातं कोणाच्या नावावर, एकट्याने बाहेर जायला भीती वाटते का, नकार दिला तर काय होतं, कागदपत्रं कोणाच्या ताब्यात असतात. त्याचे सगळे अर्ज ती भरत असे, म्हणून शेवटचा प्रश्न इथे जास्त महत्त्वाचा होता. धाक किंवा जबरदस्ती आढळली तर एकत्र समुपदेशन थांबवून आधी सुरक्षिततेची व्यवस्था करतात. इथे तसं काही नव्हतं.

मग आठवड्याच्या वेळेची वही. कामाचं बोलणं सोडून कोणाशी किती वेळ बोललात, फक्त एवढंच लिहायचं. तिच्या वहीत त्याच्याशी 19 तास, इतर सर्वांशी मिळून 40 मिनिटं. त्याच्या वहीत तिच्याशी तेच 19 तास आणि इतरांशी 6 तास. म्हणजे त्याने तिचा वेळ इतरांना दिला होता, ही तिची तक्रार आकड्यांत दिसत नव्हती. तिला बोचत होते ते सहा तास नव्हते, स्वतःच्या रकान्यातली 40 मिनिटं होती.

इथे 1973 साली रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने केलेला भेद उपयोगी पडतो. एकटेपणा दोन प्रकारचा: जवळचं माणूस नसल्याचा आणि गोतावळा नसल्याचा. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. जोडीदार कितीही चांगला असला, तरी तो गोतावळा होऊ शकत नाही. तिचा दुसरा एकटेपणा जसाच्या तसा होता. आतापर्यंत तो त्याच्या एकटेपणामागे झाकला गेला होता, एवढंच.

तिसरी तपासणी सगळ्यात फलदायी ठरली. दोघांची परवानगी घेऊन दहा मिनिटांचं साधं बोलणं ध्वनिमुद्रित केलं, विषय सुट्टीचं नियोजन. नंतर तिघांनी मिळून ते ऐकलं. दहा मिनिटांत त्याने तिचे शब्द 14 वेळा पुरे केले होते, त्यातले 9 चुकीचे. प्रत्येक चुकीनंतर ती "नाही, ते नाही" म्हणून पुन्हा सुरुवात करायची आणि पुढचा शब्द आधीपेक्षा जास्त वेळ अडायचा. "मी मदत करत होतो," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला. त्याची भाषा सुधारली म्हणजे त्याची फट 200 मिलिसेकंदांवर आली होती. तिला जो वेळ मिळायचा, तो त्याच्या अडचणीतून आपोआप मिळत होता. अडचण गेली तसा वेळही गेला. आता तो वेळ त्याने ठरवून द्यायला लागणार होता.

ध्वनिमुद्रणात तिची बाजूही निघाली. तिने त्याचं व्याकरण 11 वेळा दुरुस्त केलं होतं, त्यातल्या बहुतेक चुका अर्थाला धक्का न लावणाऱ्या. एके काळी त्याला हे हवं होतं. आता मित्रांसमोरही ती हेच करत होती. मुद्रितशोधकाच्या डोळ्याला चूक दिसली की खूण करायचीच असते, हे मान्य, पण माणूस म्हणजे प्रूफ नव्हे.

काय केलं

सोळा आठवड्यांत दहा भेटी ठरल्या.

पहिल्याच भेटीत त्याने विचारलं होतं, हिने वाचाउपचार घेतले तर सगळं सुटेल ना? याचं उत्तर स्पष्ट 'नाही' असं द्यावं. उपचार घ्यायचे की नाही हा तिचा प्रश्न. नात्याची अट म्हणून ते पुढे केले की अडखळण्याला शरमेची जोड मिळते, आणि शरमेने अडखळणं वाढतं. प्रौढांत साधारण शंभरांतल्या एकाला तोतरेपणा असतो, पुरुषांत जास्त. मोठेपणी तो पूर्ण जाईल असं कोणीही छातीठोकपणे सांगू नये.

बोलण्याच्या नियमांसाठी जोडप्यांच्या समुपदेशनातली नेहमीची पद्धत वापरली: ज्याच्या हातात वस्तू तो बोलणार, दुसरा ऐकून आपल्या शब्दांत सांगणार, मग वस्तू हलणार. इथे ती फसली. पेन हातात आलं की तिला घड्याळ लावल्यासारखं वाटायचं, आणि ब्लॉक वाढले. ब्लॉक म्हणजे आवाजच न फुटता शब्द अडून राहणं. म्हणून बदल केला. पेन टेबलावर मध्ये ठेवायचं. बोलणाऱ्याने बोलून झालं की पेन स्वतः समोरच्याकडे सरकवायचं, तोवर ऐकणाऱ्याने बोलायचं नाही. संपल्याची खूण बोलणाऱ्याच्या हाती आली आणि घाई निघून गेली. पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीनदा. विषय पहिले दोन आठवडे बिनमहत्त्वाचे. भांडणाच्या विषयावर सराव सुरू केला तर सवय लागायच्या आधीच मोडते.

त्याला वेगळी सूचना होती. तिचा शब्द अडला की नजर नेहमीसारखी ठेवायची, रोखून पाहायचं नाही आणि वळवायचीही नाही. 'हळू बोल', 'श्वास घे' म्हणायचं नाही. शब्द पुरवायचा तो फक्त तिने तळहात वर केला तर. ही खूण तिने ठरवली. तिला सूचना अशी: दुरुस्ती फक्त त्याने विचारली तर, आणि तिसऱ्या माणसासमोर कधीच नाही.

फोनचे कागद टाकून देऊ नका, असं सांगितलं. पद्धत मात्र उलटी केली. आठवड्यातून एक फोन तिने करायचा, तिच्या वेगाने, आणि तो शेजारी बसून लिहिणार. सुरुवातीचं वाक्य तयार ठेवायचं: 'मला बोलायला थोडा वेळ लागतो, फोन ठेवू नका.' पहिल्या फोनला पलीकडच्याने ठेवलाच. दुसऱ्यांदा लावला तेव्हा दुसऱ्या कोणीतरी उचलला आणि चार मिनिटांत काम झालं. दोन प्रयत्न गृहीतच धरावेत.

गोतावळ्याचं गणित कागदावर मांडून दाखवलं. 2018 साली जेफ्री हॉल यांच्या अभ्यासात असा अंदाज आला की ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला 50 तासांच्या आसपास लागतात, मित्र म्हणावा असा व्हायला सुमारे 90, आणि जवळचा व्हायला 200 हून जास्त. तिने तोतरेपणा असलेल्यांच्या एका स्वमदत गटात आठवड्याला दोन तास जायचं ठरवलं. या हिशेबाने 50 तासांना 25 आठवडे लागतात. हे आधी सांगितलं नाही तर माणूस चौथ्या आठवड्यात 'तिथेही माझं कोणी नाही' म्हणून सोडतो. नेमक्या चौथ्या आठवड्यात ती हेच म्हणाली. आठ तास झालेत, असं तिला वहीत दाखवलं.

मधल्या सुट्टीसाठीही आखणी केली. पहिली सात मिनिटं दोघांनी वेगळं राहायचं, नंतर हवं तर एकत्र. तिने गाण्याचे कागद वाटायचं काम मागून घेतलं. रिकाम्या हातांनी घोळक्यात शिरण्यापेक्षा काम हातात असलं की बोलणं सोपं जातं, वाक्यं ठरलेली आणि छोटी असतात. शिवाय 2018 च्याच आणखी एका अभ्यासात दिसलं की नव्या ओळखीत बोलून झाल्यावर, आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज लोक खऱ्यापेक्षा कमी धरतात. म्हणून सुट्टीनंतर 'कसं झालं' असं विचारायचं नाही, 'काय बोलणं झालं' असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला ती नेहमी 'वाईट' म्हणायची. दुसऱ्याला तिच्याकडे माहिती असायची.

टोपणनावांवर बंदी घातली नाही. बंदी घालणं मूर्खपणाचं ठरलं असतं, तो त्यांचा एकत्र हसण्याचा ठेवा होता. फक्त स्वतःलाही एकेक नाव ठेवायला सांगितलं. तिने स्वतःला 'खिळा' ठेवलं, त्याने 'पोपट'.

कुठे घसरलं

सातव्या आठवड्यात तालमीनंतरच्या बैठकीला ती पहिल्यांदा गेली. तो आधी पोहोचला होता आणि त्याने सगळ्यांना सांगून टाकलं, "ती अडखळते, जरा धीर धरा." ती आली तेव्हा सगळे अतिशय धीर धरून बसलेले होते. कोणी मध्ये बोलेना, तिचं प्रत्येक वाक्य संपल्यावर माना डोलू लागल्या. वीस मिनिटांत ती उठून गेली.

आपल्याला तोतरेपणा आहे हे आधीच सांगून टाकल्याने बोलणं सोपं जातं, असा अनेक अडखळणाऱ्यांचा अनुभव आहे. पण सांगण्याचा हक्क ज्याचा त्याचा. दुसऱ्याने सांगितलं की माणूस दाखल होण्याआधी रुग्ण होतो. आठवी भेट पूर्ण यावरच गेली. तो म्हणत होता, मला वाटलं तुला सोपं जाईल. ती म्हणाली, तू पहिल्या दिवशी चुकीचं लिंग वापरलंस तेव्हा मी उभी राहून सांगितलं असतं, याला भाषा येत नाही, जरा सांभाळून घ्या, तर? बराच वेळ तो काही बोलला नाही. पेन त्याच्यापुढे होतं, सरकवायला तो विसरला.

दोन आठवड्यांनी ती पुन्हा गेली आणि स्वतः सांगितलं. 'हजेरीपट'ने त्या दिवशीच्या थट्टेची माफी मागितली, जरा जास्तच लांबण लावून. त्याला मध्येच तोडावं असं तिला वाटलं, पण तेवढ्या घाईत शब्द फुटला नाही. घरी येऊन दोघं यावर हसली.

सोळा आठवड्यांनंतर

वहीतली इतरांशी बोलण्याची तिची 40 मिनिटं साडेतीन तासांवर आली, त्यातले दोन स्वमदत गटाचे. एकमेकांसोबतचे 19 तास 15 वर आले, आणि ते कमी झाले याचं दोघांनाही थोडं वाईट वाटलं. ते तसं वाटू द्यावं. समजूत घालायला जाऊ नये. त्याचं तक्रारींचं काम चालूच आहे, त्यामुळे संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याची बोलण्याची चाल फोनवरचीच असते. पहिला अर्धा तास महत्त्वाचं काही बोलायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतः काढला.

शेवटच्या भेटीत पुन्हा दहा मिनिटांचं मुद्रण केलं. शब्द पुरवण्याच्या घटना चार, त्यातल्या दोन तिने तळहात वर करून मागितलेल्या. व्याकरणाच्या दुरुस्त्या तीन, एक त्याने विचारलेली. सहाव्या मिनिटाला तिचा एक शब्द अकरा सेकंद अडला. त्या अकरा सेकंदांत मुद्रणात फक्त पंख्याचा आवाज आहे. मग शब्द सुटतो आणि वाक्य पुरं होतं. वाक्य विजेच्या बिलाबद्दलचं आहे.